‘अहो’चं ‘अरे’ कधी होतं? (वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले होते की कादंबरीत हिरो चाळिशीचा आणि हिरोईन नुकतं कॉलेज संपवलेली असली की मला सगळ्यात आधी तिच्या बँकेच्या पासबुकात किती आहेत ते बघावंसं वाटतं. तर त्यावर लोक तुटूनच पडलेत. या महिन्यात गठ्ठ्यातली निम्मी पत्रं त्याच विषयाची, एकाने तर मला ‘प्रेमातला इन्कम टॅक्सवाला’ असं नाव पण दिलंय. असूदे. या वेळी सगळी उत्तरं यावरच.

ताई, मी २३ वर्षांची आहे आणि गोष्टींच्या एका ॲपवर कादंबरी लिहितेय, २६ भाग झालेत. माझी हिरोईन मृण्मयी २१ वर्षांची, कराडहून पुण्याला एमपीएससीच्या तयारीला आलेली. हिरो ३९, डिव्होर्सी, सदाशिव पेठेत त्याची अभ्यासिका आहे, तिथेच त्यांची ओळख होते. वाचकांना तो भयंकर आवडतो, रोज ‘लग्न कधी लावताय’ विचारतात. पण माझी मैत्रीण म्हणाली की मृण्मयी पहिल्या दहा भागांत जेवढी होती तेवढी आता राहिलीच नाहीये, कमी कमी होत चाललीय. आई म्हणते बापाच्या वयाचा माणूस, असलं लिहायचंच कशाला. मी त्याचं वय ३९ वरून ३१ करू का? आणि मृण्मयी १७ वर्षांची असताना तो तिला कराडला एका लग्नात पहिल्यांदा बघतो आणि बघतच राहतो असा एक फ्लॅशबॅक आहे, तो ठेवू का काढू? सोबत सहा भाग पाठवतेय. – अ. क., कराड

अगं, आधी सोप्पं उरकून घेते. फ्लॅशबॅक काढ. आजच काढ. आपल्याकडे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने १८ च्या आतलं कुणीही बालक आहे, आणि कायदा घडीभर बाजूला ठेवला तरी तुझा वाचक लगेच मनात वजाबाकी करणार की तेव्हा हा ३५ चा होता आणि लग्नातल्या एका शाळकरी पोरीकडे बघत बसला होता. त्या क्षणाला तुझा हिरो मेला, पुढच्या २५ भागांत त्याने कितीही चहा पाजला तरी उठत नाही तो. जेन ऑस्टेनसारखी ऑस्टेन, तिच्या ‘एमा’मध्ये हिरो नाइटली लग्न ठरल्यावर एमाला म्हणतो की मी तू निदान तेरा वर्षांची असल्यापासून तुझ्या प्रेमात आहे, थोडं गमतीतच म्हणतो, कादंबरी १८१५ सालची आहे, पण आजही वाचणारा त्या वाक्याला ठेच लागून थांबतो. ऑस्टेनला जे पचलं नाही ते तुला मला पचणार नाही.

आता वय. ३९ चं ३१ करू नको. तू आकडा कमी केलास तर प्रॉब्लेम जाणार नाही, फक्त दिसेनासा होईल, कारण तुझ्या मैत्रिणीला जे खटकलंय ते अठरा वर्षांचं अंतर नाहीचे. तिला हे खटकलंय की मृण्मयी पुण्याला ज्या कामाला आली होती ते कामच गोष्टीतून गायब झालंय. मी सहाही भाग वाचले. चौथ्या भागात ती पहाटे पाचला अभ्यासिकेत जागा पकडायला जाते, मेसच्या पातळ आमटीवरून मैत्रिणींशी भांडते, वडिलांनी पाठवलेल्या पैशांचा वहीत हिशोब लिहिते, पूर्वपरीक्षेला किती दिवस राहिले ते भिंतीवर लिहून ठेवते. काय मस्त मुलगी आहे गं ती! मग अकराव्या भागात तो म्हणतो ‘या महिन्याची फी राहू दे’ आणि ती लाजते. बास, लाजते आणि भाग संपतो. सतराव्यात त्याने तिला दुसरी रूम बघून दिलीय आणि मेस बंद, कारण त्याच्याकडे स्वयंपाकाला मावशी येतात. आणि तेविसाव्या भागात परीक्षेचा उल्लेख शोधून सापडत नाही, ती हिशोबाची वही तर कुठे गेली देव जाणे.

तुझ्या आईला एक सांग, तिचं ते वाक्य १८४७ मध्येच छापून झालंय. ‘जेन एअर’. जेन १८ वर्षांची, अनाथ, शाळेत वर्षाला १५ पाउंडावर शिकवत होती आणि ३० पाउंड मिळतात म्हणून थॉर्नफिल्डला गव्हर्नेस म्हणून येते, मालक रॉचेस्टर तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, आणि लग्न ठरल्यावर घर सांभाळणारी मिसेस फेअरफॅक्स तिला तोंडावर सांगते की बाई, तो जवळजवळ तुझ्या बापाच्या वयाचा आहे. म्हणजे ऑब्जेक्शन शार्लट ब्राँटेला माहीत होतंच, तिने ते स्वतःच पुस्तकात घालून ठेवलं आणि मग कादंबरी लिहिली.

पण मला तुला त्यातला कापडाच्या दुकानातला सीन दाखवायचाय. लग्न ठरलंय, रॉचेस्टर तिला गावात घेऊन जातो आणि हे रेशीम घे, ते रेशीम घे, दागिने घे असं चालू करतो. तुझ्या अकराव्या भागासारखंच. फरक एवढाच की जेन लाजत नाही, ती चिडते, तो जितकं घेतो तितके तिचे गाल अपमानाने तापतात, आणि तिथेच ती ठरवते की मदीरा बेटावर आपला एक काका आहे, त्याला पत्र लिहायचं, आपली म्हणून थोडी जरी मिळकत असती तरी हे सहन झालं असतं. आणि ते एक पत्र पुढे काय काय करतं बघ. त्या पत्रामुळे लग्नाची बातमी मदीराला पोचते, तिथे योगायोगाने रॉचेस्टरच्या पहिल्या, अजून जिवंत असलेल्या बायकोचा भाऊ असतो, चर्चमध्ये लग्न थांबतं. आणि पुढे त्याच काकाचे २०,००० पाउंड तिच्या नावावर येतात. म्हणजे एका मुलीला दुकानात ओशाळं वाटलं, त्यावर पुस्तकाचा सगळा उत्तरार्ध उभा आहे. माळ्यावर कोंडलेली बायको आणि आग हे सगळ्यांच्या लक्षात राहतं, हे पत्र कुणाच्याच लक्षात राहत नाही, मला स्वतःला तिसऱ्या वाचनात दिसलं.

मग ती त्याला सोडून जाते, पर्समध्ये २० शिलिंग, बरोबरचं गाठोडं गाडीतच विसरते, माळरानावर झोपते, भीक मागायची वेळ येते, खेड्यातल्या शाळेत मास्तरीण होते, काकाचे पैसे आल्यावर तीन आतेभावंडांबरोबर वाटून घेऊन स्वतःपाशी ५,००० ठेवते. आणि मग परत जाते. परत जाते हे महत्त्वाचं आहे, ब्राँटे बाई प्रेमकथा मोडत नाहीत, त्या फक्त मधे जेनला जेनचं आयुष्य जगून येऊ देतात. (रॉचेस्टरचे डोळे आणि एक हात घालवायची तशी गरज नव्हती, मला नेहमी वाटतं बाईंनी तिथे रागच काढलाय.)

तर मृण्मयीच्या बाबतीत माझं म्हणणं एवढंच की अकरावा भाग परत लिही. ‘फी राहू दे’ म्हटल्यावर तिला आनंद होऊदे, का नाही होणार, वडिलांचे बाराशे रुपये वाचले, पण त्या रात्री ती वही उघडते आणि फीच्या रकान्यात काय लिहायचं तेच तिला कळत नाही. शून्य लिहायचं? उधार लिहायचं? त्याचं नाव लिहायचं? तो रकाना शेवटच्या भागापर्यंत चालव.

आणि हिरो. तू त्याला ३९ चा केलास ते तुला माहीत असो नसो, फार भारी केलंस. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे ना? म्हणजे हा बाबा गेल्या वर्षीपर्यंत स्वतः बसू शकत होता आणि आता कायमचा बाद झालाय. सातव्या भागात तो तिला आपल्या जुन्या नोट्स देतो, तू ते रोमँटिक म्हणून लिहिलंयस, पण तिथे किती काय दडलंय बघ की. त्याने किती अटेम्प्ट दिले? बायको त्यातच गेली का? तो मृण्मयीवर प्रेम करतोय की तिच्या हातून स्वतःचा राहिलेला पेपर लिहून घेतोय? आणि ती पास झाली, पोस्टिंग गडचिरोलीला आलं, तर हा अभ्यासिका सोडून जाणारे का? का तिनेच ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचं? पेठेत अभ्यासिका चालवणारा, स्वतः परीक्षेतून बाद झालेला माणूस हे इतकं आपल्याकडचं पात्र आहे, त्याला उगीच उंच, गप्प, दुखावलेला एवढंच करून ठेवू नको.

अजून एक आणि ही गोष्ट मराठीत लिहिणाऱ्यालाच करता येते. तो तिला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणतो. ती त्याला ‘सर, तुम्ही’ म्हणते. बाविसाव्या भागात ते एकमेकांच्या मिठीत आहेत आणि तरीही ती ‘तुम्ही’च म्हणतेय, हे तू ठरवून केलंयस की नुसतं लिहिण्याच्या ओघात राहून गेलंय? कारण ‘तुम्ही’चं ‘तू’ ज्या वाक्यात होतं ना, तिथे अख्खी कादंबरी वळते. ते भांडणात होणार का, मायेत, का चुकून, का फोनवर, आणि झाल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, त्याला आवडतं का आतून थोडं लागतं? इंग्रजीत ही सोय नाही, तिथे सगळेच यू, म्हणून ब्राँटे जेनच्या तोंडी शेवटपर्यंत ‘सर’ ठेवते. आणि एमा तर लग्न ठरल्यावरसुद्धा ‘मिस्टर नाइटली’ सोडून दुसरं काही म्हणायला तयार नसते, म्हणते एकदाच नाव घेईन, ते लग्न लागतं त्या ठिकाणी. आपला उखाणाच की हा! न्यायमूर्ती रानड्यांशी १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा रमाबाई ११ च्या आणि ते ३१ चे, पुढे बाईंनी आठवणी लिहिल्या त्यात नवऱ्याचा उल्लेख ‘स्वतः’ असा करतात. नाव नाही, ‘ते’ पण नाही, ‘स्वतः’. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला दोन पानं कळेचना की कुणाच्या स्वतःबद्दल चाललंय.

लग्न कधी लावताय विचारणाऱ्यांना थोडं थांबव. विशीतल्या मुलीची गोष्ट लग्नाच्या तारखेवर चालवली की नेमकी विशीच निसटते, तो पहिला पगार, पहिली स्वतः घेतलेली कुकरची शिट्टी ऐकू येणारी भाड्याची खोली, पहिल्यांदा आईशी खोटं बोलणं, पहिल्यांदा नापास होणं. मृण्मयीला पूर्वपरीक्षेत नापास कर ना एकदा. आणि त्या दिवशी त्याच्याकडे न जाता तिला स्वारगेटवरून कराडची एसटी पकडू दे. तीसावा भाग तिथे लिही आणि मला पाठव.

संपादक महोदया, आपल्या सदरातून तरुण मुलींना काय शिकवले जात आहे? आमच्या देवलांनी १८९९ साली ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आणून जरठ-कुमारी विवाहाची लाज समाजाला वाटायला लावली, आणि सव्वाशे वर्षांनी मुली स्वतःच तसल्या गोष्टी आवडीने वाचतात, लिहितात. – एक ज्येष्ठ वाचक, सांगली

काका, मी संपादक नाही, नुसती उत्तरं लिहिते. पण तुमचा मुद्दा खरा आहे आणि मला त्यावर भांडायला आवडेल. नवरदेव भुजंगनाथ पाऊणशे वयाचा, शारदा लहान, आणि कांचनभट बाप असून पैशासाठी पोरगी द्यायला निघालेला. तिथे वय होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिला कुणी विचारलंच नव्हतं. आणि मला त्या नाटकातलं काय बोचतं सांगू? ते लग्न मोडतं कशामुळे, तर वधू-वर सगोत्र निघतात म्हणून. मुलगी नको म्हणतेय हे कारण पुरत नाही, गोत्र पुढे करावं लागतं. देवलांना दोष देत नाहीये, आठच वर्षं आधी, १८९१ ला, संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेली तर केवढा गहजब झाला होता, टिळकांनी विरोध केला, आगरकर बाजूने उभे राहिले, त्या जगात देवल यापेक्षा काय करणार होते.

आज २१ वर्षांची मुलगी ३९ च्या माणसाच्या प्रेमात पडते अशी गोष्ट लिहिली तर त्यात ती हो पण म्हणू शकते, नको पण म्हणू शकते, आणि हो म्हणून दोन वर्षांनी चुकलं पण म्हणू शकते. चुकायची मुभा शारदेला नव्हती.

आणि तुम्ही ‘आनंदी गोपाळ’ वाचली असेलच, श्री. ज. जोशींची, १९६८ ची. नऊ वर्षांची मुलगी, नवरा जवळजवळ वीस वर्षांनी मोठा, हट्टी, तिने शिकावं म्हणून तिच्या मागे हात धुवून लागलेला. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत गेली, बावीस पण पूर्ण नव्हती. मी ती कादंबरी कॉलेजात वाचली तेव्हा गोपाळरावांवर फिदा झाले होते, काय माणूस! तिशीत वाचली तेव्हा त्यांचा इतका राग आला की पुस्तक आपटलं. पन्नाशीत परत वाचली आणि फक्त त्या मुलीचा तो बोटीतला प्रवास वाचत राहिले, १८ वर्षांची, नवरा बरोबर नाही, कलकत्त्याहून निघालेली. तिला तिचं तिचं असं काही पहिल्यांदा तिथेच मिळालं असणार असं आपलं मला वाटतं. ही प्रेमकथा आहे का विचाराल तर मला आजही ठरवता येत नाही, तुम्ही काय ठरवलंत ते कळवा.

नमस्कार ताई. माझी मुलगी २० वर्षांची आहे, इंजिनिअरिंगला. तिच्या फोनवर मला एक इंग्रजी कादंबरी दिसली, १९ वर्षांची मुलगी आणि तिच्या बॉयफ्रेंडचे ३८ वर्षांचे वडील यांची. मी हादरलेच. नंतर बघितलं तर अशा आणखी सात-आठ होत्या. तिच्या आयुष्यात असं कुणी असेल का? तिला कसं विचारू? – एक आई, नाशिक

ताई, आधी पाणी प्या. या पुस्तकांचं आता वेगळं कपाटच आहे, न्यू अडल्ट म्हणतात, १८ ते पंचविशीच्या आसपासची पात्रं, हॉस्टेल, पहिली नोकरी, पहिलं खरं प्रेम, आणि हो, दरवाजा लावून घेतल्यानंतरचे सीनसुद्धा. एका अमेरिकन प्रकाशकाने २००९ मध्ये लेखकांना आवाहन करताना हा शब्द वापरला आणि तो चिकटला. त्यात वयाचं अंतर हा एक ठरलेला मसाला आहे, जसा आपल्याकडे गैरसमज आणि घरजावई. मुलगी सात-आठ वाचते म्हणजे तिला तो मसाला आवडतो, यापलीकडे त्यातून काही काढू नका. आपण सोळाव्या वर्षी लायब्ररीतून आणून गादीखाली जे लपवलं ते आठवा, त्यातलं किती आपण प्रत्यक्षात केलं?

पुस्तकावरून विचारा, तिच्यावरून नको. फोन बघितला हे मात्र आधी कबूल करा, नाहीतर सगळं बोलणं त्याच एका मुद्द्यावर बुडेल. ‘यात तुला तो आवडला का ती’ एवढंच विचारा आणि गप्प बसा, मुली बोलतात. मला विचाराल तर तो बॉयफ्रेंडचा बाप वगैरे भानगड सोडा, त्या १९ वर्षांच्या मुलीकडे राहायला जागा नाही, पैसे नाहीत, म्हणून ती त्या घरात येते, गोष्ट तिथून सुरू होते. यावर तुमची मुलगी काय म्हणते ते ऐकायला मला आवडेल.

खरोखर कुणी असेल तर खुणा पुस्तकात सापडणार नाहीत. कुणालाच सांगू नको असं तो म्हणतोय का, तिच्या मैत्रिणी एकेक करून कमी होतायत का, फी-मोबाईल-रूम त्याच्या पैशातून चाललंय का, इंटर्नशिप त्याच्यासाठी सोडली का. यातलं काही दिसलं तर वय ३८ असो नाहीतर २३, तेव्हा जरूर मधे पडा. आणि एक आगाऊ प्रश्न, तुमच्या आणि मुलीच्या बाबांच्या वयात किती अंतर आहे हो? बोलायला बसाल तेव्हा ती हे विचारणारच आहे, उत्तर तयार ठेवा.

बाई मोठी आणि मुलगा लहान असं कुणी का लिहीत नाही? – रा. म., डोंबिवली

लिहितात की. फ्रेंच लेखिका आनी एर्नो, ज्यांना २०२२ चं साहित्याचं नोबेल मिळालं, त्यांचं त्याच वर्षी एक पुस्तक आलं, पन्नाशीतली बाई आणि तिच्याहून जवळजवळ तीस वर्षांनी लहान विद्यार्थी. त्याची ती गरिबीतली खोली, ती गादी, ते शहर, सगळ्यात तिला तिचीच विशी परत दिसत राहते, म्हणजे मोठं होण्याची गोष्ट तिचीच, फक्त उलट्या दिशेने. हॉटेलात शेजारच्या टेबलावरचे लोक कसे बघतात हे पण लिहिलंय आणि बाईंना त्याची अजिबात लाज वाटत नाही. इंग्रजीत मिळतं. इतकं बारीक पुस्तक आहे की डोंबिवलीला स्लो लोकल पकडलीत आणि बसायला जागा मिळाली तर सीएसएमटी यायच्या आत संपेल, उभं राहून वाचायचं असेल तर मात्र परतीचा प्रवास पण धरा.